दिव्यात तेल कुणाचे?

सातवीच्या वर्गावर मी पानिपत शिकवीत होतो. पानिपत शिकविताना मराठी मास्तराचा आवाज आपोआप चढतो, तसा माझाही चढला होता. 14 जानेवारी 1761 ची ती सकाळ, ती उपासमार, ती दुपारची धूळ, सारे वर्णन करून मी धापा टाकीत थांबलो, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "गुरुजी, अब्दालीच्या देशात वर्तमानपत्र निघतं का हो?"

प्रश्न धड्यात नव्हता. धड्यात नसलेल्या प्रश्नाला मास्तर जे करतो तेच मी केले. विनोद केला. म्हणालो, "तिथं कसलं वर्तमानपत्र! तिथं बंदूक निघते." वर्ग खळखळून हसला आणि मीही स्वतःवर खूष झालो.

हे उत्तर खोटे होते. त्याला नुसती चूक म्हणून मला सुटता यायचे नाही. चूक माणसाच्या अज्ञानामुळे होते, आणि खोटे उत्तर दिले जाते ते खरे शोधण्याची गरजच वाटत नाही म्हणून. मला ती गरज वाटली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा मी पुन्हा रंगवून सांगितला, तेव्हा तिथेही कुणाला ती वाटली नाही. एक सहकारी तर तत्त्वज्ञाच्या थाटात म्हणाले, "अहो, त्यांच्या मातीतच ते नाही. लेखणी रुजायला जमीन लागते."

त्या एका वाक्याविरुद्ध मला आज लिहावयाचे आहे. कारण ते वाक्य त्या एकट्या सहकाऱ्याचे नाही. ते आपल्या साऱ्यांचे आहे.

अफगाण म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किती चित्रे येतात ते मोजून पाहा. पहिले अब्दालीचे. दुसरे हिंग आणि सुकामेवा घेऊन दारोदार फिरणाऱ्या काबुल्याचे. तिसरे सावकाराचे, 'पठाणी व्याज' हा शब्द आपण भाषेत कायमचा नोंदवून ठेवला आहे. आणि चौथे हल्लीचे, दूरदर्शनच्या पडद्यावर खांद्याला बंदूक लावून मोटारीच्या टपावर बसलेल्या दाढीवाल्याचे. या चार चित्रांत कुणाच्या हाती कागद आहे? कुणाच्या नाकावर चष्मा आहे? एकाच्याही नाही. कारण ती चित्रे आपण निवडली आहेत. त्या देशाने पाचवे चित्रही काढले होते. आपण ते भिंतीवर लावून घेतले नाही, इतकेच.

ते पाचवे चित्र महमूद तर्झी या संपादकाचे आहे.

तर्झींचा जन्म 1865 सालचा, गझनीचा. त्यांचे वडील गुलाम महंमद हे सरदार घराण्यातले आणि फारसीचे नामांकित कवी. 'तर्झी' हे त्यांचे कविनाम. तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. कवीचे आणि अमीर अब्दुर रहमानचे पटले नाही. अब्दुर रहमान हा असा राजा की ज्याच्याशी न पटलेल्या माणसाने देशात राहणे म्हणजे मानेवर डोके जड झाल्याचे लक्षण. 1880 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच साऱ्या कुटुंबाला हद्दपारी मिळाली. प्रथम कराची, मग बगदाद, शेवटी दमास्कस. जाताना महमूद ऐन पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता. परत आला तेव्हा चाळिशीला टेकलेला गृहस्थ होता. मधल्या वीस-बावीस वर्षांत त्याने तुर्की आणि अरबी आत्मसात केली, उर्दू कळू लागली, तुर्की राज्यातली छापखाने, शाळा आणि वर्तमानपत्रे पाहिली. 1896 मध्ये इस्तंबूलला जाऊन जमालुद्दीन अफगाणी या भटक्या विचारवंताच्या पायाशी तो काही महिने बसला. दमास्कसमध्येच अस्मा रस्मिया या सीरियन मुलीशी त्याचे लग्न झाले. तिचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे.

1901 मध्ये अब्दुर रहमान मेला. त्याचा मुलगा हबीबुल्ला गादीवर आला आणि त्याने हद्दपारांना परत बोलाविले. तर्झी काबूलला आले तेव्हा देशात एकही वर्तमानपत्र चालू नव्हते. 1873 मध्ये शेर अलीच्या काळात 'शम्स-उन-नहार' निघाले होते, ते इंग्रजांच्या दुसऱ्या स्वारीत बुडाले. 1906 च्या जानेवारीत 'सिराज-उल-अखबार' या नावाचा एक अंक निघाला आणि दुसरा निघालाच नाही. 1903 मध्ये काबूलला 'हबीबिया' नावाची नव्या पद्धतीची शाळा निघाली होती. तिथे हिंदुस्थानातून शिक्षक गेले होते. त्या शाळेभोवती घटनात्मक राज्याची मागणी करणारे एक मंडळ उभे राहिले. 1909 मध्ये अमिराला त्याचा सुगावा लागला. काहींना ठार मारले गेले, पुष्कळांना तुरुंगात टाकले गेले. त्यात मास्तरही होते. माझ्या सहकाऱ्यांनी हे नीट ऐकावे. 'त्यांच्या मातीत नाही' म्हणता, त्याच मातीत राजाच्या सत्तेला कायद्याची मर्यादा हवी एवढे म्हणण्यासाठी मास्तर बेड्यांत गेले. आपण शेवटचे कशासाठी गेलो होतो? वेतनश्रेणीसाठी, आणि तेही मोर्चात सावली पाहून.

अशा काळात, 1911 च्या ऑक्टोबरात, तर्झींनी बंद पडलेले 'सिराज-उल-अखबार' पुन्हा काढले आणि 1918 च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, पंधरवड्याच्या पंधरवड्याला चालविले. आरंभी शिळाछापावर, पुढे खिळ्यांवर. ते पत्र एक चालती शाळा होती. जगाच्या बातम्या तर असतच. पण भूगोल, रसायन, रेल्वे, तारायंत्र, स्वदेश म्हणजे काय, कायदा म्हणजे काय, जगातल्या कर्तबगार स्त्रिया कोणत्या, या विषयांवर लेख असत. झूल व्हर्नच्या कादंबऱ्या, त्या ऐंशी दिवसांतल्या पृथ्वीप्रदक्षिणेसकट, तर्झींनी तुर्कीवरून फारसीत आणल्या. रशिया-जपान युद्धाचा इतिहास त्यांनी खंडांमागून खंड अनुवादित केला, कारण एका आशियाई देशाने युरोपी सत्तेला हरविले ही गोष्ट आपल्या लोकांनी तपशीलवार वाचावी असे त्यांना वाटे. 1918 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र पुरवणी काढली. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. मुलांसाठी एक ओळ लिहावी असे मला वीस वर्षांत सुचलेले नाही.

आता या पत्राच्या नावाकडे पाहा. सिराज म्हणजे दिवा. बातम्यांचा दिवा. नाव गोड आहे, पण त्यात एक काटा आहे. अमीर हबीबुल्लाची पदवीच 'सिराज-उल-मिल्लत', राष्ट्राचा दिवा, अशी होती. म्हणजे पत्राला नाव राजाचे, छापखाना राजाचा, पैसा राजाचा. आणि राजाकडे पैसा कुठला? हिंदुस्थानचे इंग्रज सरकार या अमिराला वर्षाला 18 लाख रुपये तनखा देत असे आणि त्याच्या मोबदल्यात त्याचा परराष्ट्रव्यवहार आपल्या मुठीत ठेवीत असे. दिव्यात तेल अमिराचे आणि अमिराच्या बुधलीत तेल व्हाइसरॉयचे!

असल्या तेलावर तर्झींनी इंग्रजविरोधी उजेड पाडला, हे त्यांचे धैर्य. टिळक मंडालेला होते त्याच वर्षांत काबूलचा हा संपादक आशियाच्या स्वातंत्र्यावर लिहीत होता. ज्या सरकारने टिळकांना राजद्रोही ठरविले त्याच सरकारला हे पत्र डोळ्यांत खुपू लागले आणि त्याच्याविरुद्ध अमिराकडे तक्रारी जाऊ लागल्या. 1915 मध्ये राजा महेंद्र प्रताप आणि मौलवी बरकतुल्ला यांनी काबूलमध्ये हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापले, तेव्हा तिथले वातावरण तापविण्यात या पत्राचा वाटा होता. 1916 च्या आरंभी तर्झींनी पूर्ण स्वातंत्र्याची उघड मागणी करणारा अग्रलेख लिहिला. अमिराने तो वाचकांपर्यंत जाऊ दिला नाही. वात होती, काडी होती. बुधलीवर हात दुसऱ्याचा होता.

इथे माझे सहकारी म्हणतील, "बघा, आम्ही काय म्हणत होतो! रुजले का?" थांबा. रोप उपटले गेले म्हणजे जमीन नापीक होती, हे कुठल्या शेतकऱ्याचे शास्त्र?

1919 च्या फेब्रुवारीत हबीबुल्लाचा खून झाला. गादीवर आला अमानुल्ला. तो तर्झींचा जावई आणि खरे म्हणजे त्यांच्या पत्राचा वाचक. मे महिन्यात त्याने इंग्रजांशी युद्ध पुकारले, आणि 8 ऑगस्ट 1919 रोजी रावळपिंडीला तह होऊन अफगाणिस्तान परराष्ट्रव्यवहारात मोकळा झाला. तीन वर्षांपूर्वी जे छापू दिले नव्हते ते सरकारी धोरण झाले आणि ते लिहिणारा परराष्ट्रमंत्री झाला. 1920 मध्ये तर्झी वाटाघाटींसाठी मसुरीला आले. योगायोगाने त्याच हॉटेलात जवाहरलाल नेहरू आपल्या आजारी आई आणि पत्नीसह उतरलेले. अफगाण मंडळींशी संबंध ठेवणार नाही अशी हमी सरकारने त्यांच्याकडे मागितली. नेहरूंचा त्या मंडळींशी परिचयसुद्धा नव्हता, पण हमी देण्याचे त्यांनी नाकारले आणि मसुरी सोडली. एका माजी संपादकाचे वारे आपल्या माणसांना लागू नये म्हणून साम्राज्य इतके जपत होते. साम्राज्याला जे कळत होते ते आमच्या शिक्षकांच्या खोलीला शंभर वर्षांनंतरही कळू नये?

1921 मध्ये काबूलला मुलींची शाळा निघाली. त्याच वर्षी 'इर्शाद-ए-निस्वान' हे त्या देशातले स्त्रियांचे पहिले पत्र निघाले. शाळेमागे आणि पत्रामागे उभी होती ती अस्मा रस्मिया, तर्झींची पत्नी. वर्तमानपत्र आणि मुलींची शाळा ही दोन्ही एकाच घरातून बाहेर पडली हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्यांनी पुढे पुढे एकीला कुलूप लावले त्यांनी दुसऱ्यालाही लावले, याचाही अर्थ त्यातच आहे.

परंतु मी स्तोत्र लिहावयास बसलेलो नाही. तर्झींचीही एक मोठी चूक मला दिसते. ते मंत्री झाले. 'सिराज' विझला, त्याच्या जागी 'अमान-ए-अफगान' आले. नावात पुन्हा राजाच! जुना दिवा हबीबुल्लाचा, नवे पत्र अमानुल्लाचे. चांगला राजा मिळाला म्हणून त्यांनी तेलाचा प्रश्नच सोडून दिला. मग अमानुल्ला सुधारणांमागून सुधारणा काढीत धावत सुटला. पैसा नाही, फौज नाही, गावागावांत मुल्ला खवळलेले. तेव्हा राजाला चार खडे बोल छापून सुनावील असे स्वतंत्र पत्र त्या दरबारात नव्हते. सासऱ्याने घरात बोलून पाहिले असेल. पण घरात बोललेले आणि छापून बोललेले यांत फरक असतो. 1927 मध्ये तर्झी मंत्रिपदावरून दूर झाले. 1929 मध्ये बंडाच्या लाटेत राज्य बुडाले. अमानुल्ला आणि राणी सुरैया निर्वासित होऊन आपल्या मुंबईस आले. इथेच त्यांना मुलगी झाली आणि तिचे नाव त्यांनी 'इंडिया' ठेवले. तर्झी इराणमार्गे तुर्कस्थानात गेले. तारुण्य हद्दपारीत गेले होते, म्हातारपणही तिकडेच सरले. 1933 च्या नोव्हेंबरात इस्तंबूल येथे ते वारले.

आता जमीन नापीक होती की नाही ते पाहा. तर्झींचा हाताखालचा लेखक अब्दुल हादी दावी. 'सिराज'च्या काळातच तो तुरुंग पाहून आला, मग 'अमान-ए-अफगान'चा संपादक झाला, पुढे नव्या राजवटीत तेरा वर्षे कोठडीत राहिला. 1927 मध्ये 'अनीस' काढणारे मोहिउद्दीन अनीस तुरुंगात मेले. आणि ते पत्र मात्र सरकारने आपल्या दावणीला बांधून पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालविले. 1951 मध्ये थोडी मोकळीक मिळताच 'वतन', 'अंगार', 'निदा-ए-खल्क' अशी पत्रे भराभर निघाली. वर्ष-दीड वर्षात सारी बंद. 'वतन'चे गुबार आणि 'निदा-ए-खल्क'चे डॉक्टर महमूदी तुरुंगात. गुबार सुटून आले आणि त्यांनी देशाचा इतिहास लिहिला. 1967 मध्ये तो छापून तयार झाला आणि सरकारने गठ्ठेच्या गठ्ठे कुलपात ठेवले. 1964 च्या घटनेनंतर पुन्हा दार किलकिले झाले. पुन्हा पत्रे निघाली. सबाहुद्दीन कुश्ककी यांचे 'कारवान' निघाले, डाव्यांचे 'खल्क' निघाले आणि सहा अंकांनंतर बंदी खाऊन बसले. काबूल विद्यापीठात पत्रकारिता शिकविली जाऊ लागली, आणि तिथले अध्यापक काझिम आहंग यांनी अफगाण पत्रकारितेच्या वाटचालीवर ग्रंथ लिहिला.

माझ्या सहकाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे. ज्या मातीत वर्तमानपत्र नाही, तिच्या वर्तमानपत्रांचा इतिहास लिहावयास प्राध्यापक लागतो कशाला?

1973 मध्ये दाऊदने राजाला हुसकून खाजगी पत्रे बंद केली. 1978 मध्ये डाव्यांनी दाऊदला मारून लिहिणाऱ्यांना तुरुंगात कोंबले. एकदा बंदी खाल्लेले 'खल्क'वालेच आता बंदी घालणारे झाले. हे दुःख तर फार जुने आहे. कुश्ककी तुरुंगातून सुटल्यावर परदेशी गेले आणि तिथून त्यांनी त्या घटनात्मक दशकाची हकीकत लिहिली. मग रशियन, मग टोळीयुद्ध, मग 1996 मध्ये तालिबान. आणि 2001 मध्ये तालिबान गेले, त्यानंतर काही महिन्यांतच काय झाले? 'काबूल वीकली' पुन्हा सुरू झाले. त्याचा संपादक फहीम दश्ती हा, ज्या बाँबने अहमदशहा मसूद मारला गेला त्याच बाँबने भाजलेला. जखमा घेऊन त्याने पत्र काढले. ते कुणा बंदूकवाल्याने बंद पाडले नाही. 2011 मध्ये ते पैशाअभावी बंद पडले. राजधानीत परदेशी मदतीचा पूर वाहत होता, आणि एका साप्ताहिकाला तेल मिळाले नाही! दश्ती स्वतः 2021 च्या सप्टेंबरात पंजशीरच्या लढाईत मारला गेला. त्याच्या तीनच आठवडे आधी, 15 ऑगस्टला, काबूल पुन्हा तालिबानच्या हाती पडले होते. त्यानंतर किती पत्रे मिटली, किती संपादक देशोधडीला लागले, हे आपण बातमीच्या तळटिपेसारखे वाचले आणि पान उलटले. पण 'हश्त-ए-सुब्ह'सारखे पत्र आजही परदेशातून निघते आहे. तर्झींची ती जुनी दमास्कसची खोली पुन्हा भरली आहे, एवढेच.

तेव्हा मातीची गोष्ट सोडा. दीडशे वर्षे त्या जमिनीतून रोप पुनःपुन्हा वर येते आहे आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते उपटते आहे. कधी राजा, कधी सेनापती, कधी क्रांतिकारक, कधी मुल्ला, आणि कधी नुसती रिकामी तिजोरी. 'त्यांच्या मातीत नाही' हे वाक्य उपटणाऱ्याच्या सोयीचे आहे. त्यात गुन्हेगार दिसेनासा होतो आणि दोष मेलेल्याच्या माथी येतो. तालिबानही तेच म्हणतात की, मोकळे वर्तमानपत्र आणि शिकलेली मुलगी ही आमच्या मातीतली नव्हेत. आमची शिक्षकांची खोली आणि काबूलचे सध्याचे राज्यकर्ते यांचे इतके एकमत असावे, याची मला लाज वाटते.

आणि या वाक्यात आपला स्वतःचाही एक लबाड दिलासा आहे. त्यांच्या मातीत नाही, म्हणजे आपल्या मातीत आहे, म्हणजे आपल्याला काळजीचे कारण नाही! लेखणी ही मातीत मिळत नाही, ती रोज तेल घालून जागवावी लागते. आपल्या वर्तमानपत्राच्या दिव्यात आज तेल कुणाचे आहे, हे आपण कधी विचारतो का? पहिल्या पानावर पान भरून जाहिरात येते, ती कुणाची? आपण देतो ते चार-पाच रुपये कागदालासुद्धा पुरत नाहीत, मग उरलेले कोण देतो आणि कशाबद्दल देतो? 'सिराज' वाचणाऱ्या काबूलच्या वाचकाला निदान ठाऊक होते की दिवा अमिराचा आहे. आपल्याला तेही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गावर गेलो नाही. तयारी झाली नव्हती. चार दिवसांनी गेलो. फळ्यावर नाव लिहिले : महमूद तर्झी. मग सांगितले की परवा मी दिलेले उत्तर खोटे होते, ते पुसून टाका. मास्तराने असे म्हणावयाचे असते हे मुलांना ठाऊक नसल्यामुळे वर्ग थोडा वेळ गप्प बसला. मग मी सारी हकीकत सांगितली. ती मुलांची पुरवणी, ती मुलींची शाळा, सारे सांगितले. तास संपता संपता त्याच मुलीने पुन्हा हात वर केला.

"गुरुजी, ती शाळा अजून आहे?"

मी सांगितले की तिथे आता मुलींना सहावीपर्यंतच शिकू देतात. तिने एकदा वर्गाच्या दारावरच्या पाटीकडे पाहिले. तिथे 'इयत्ता सातवी' असे लिहिलेले आहे. मग ती काही न बोलता खाली बसली.